गुणी पोराला किती खेळवायचं

१४ वर्षांखालचं एकही पोट्टं अख्खी मॅच रेषेबाहेर बसून घरी जाता कामा नये. बाळा, डोणगावच्या पोरांची टीम तू आता हातात घेतलीस, तर मामाचं एवढं आधी ऐक. जो सरावाला रोज येतो तो मॅचमध्ये खेळतो. बॉल त्याच्या पायात राहो की नडगीला लागून बाहेर जावो, निदान अर्धी मॅच त्याची. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांग आणि तालुक्याच्या फायनललाही तो मोडू नको.

आता तुझा प्रश्न. एखाद्या पोराच्या पायाशी बॉल आला की बघणारे बोलायचे थांबतात, मग त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त खेळवायला नको का? खेळवायला हवंच. अंगात गुण असलेल्या पोराला वेळ न देणं म्हणजे पेरणी करून पाणी अडवून धरणं. पण जास्त वेळ म्हणजे घड्याळातली जास्त मिनिटं, एवढाच हिशेब केलास तर त्या पोराचं नुकसान होतं आणि टीमचंही. वय काय आहे, समोर कोण आहे, कोणत्या जागेवर उभा आहे आणि आठवडाभरात किती दमला आहे, हे आधी बघ. मिनिटं नंतर मोज.

लहान पोरांपासून सांगतो. १० वर्षांच्या पोरांना मोठ्या मैदानावर ११-११ नी सोडलं की काय होतं ते तू पाहिलंच आहेस. जो पळायला चपळ, त्याच्याकडे बॉल. बाकीचे त्याच्या मागे धावतात. दोघं-तिघं गोलजवळ उभे राहून गवत उपटतात. तिथं तुझा गुणी पोरगा पूर्ण वेळ खेळूनही फार काही शिकत नाही, कारण त्याला अडवणारं कोणी नसतं. इंग्लंडसारख्या देशात, जिथं हा खेळ जन्माला आला, तिथंही १० वर्षांखाली ७-७ आणि १२ वर्षांखाली ९-९ अशी टीम ठेवतात. तू शाळेच्या मैदानाचे चुना टाकून चार तुकडे कर, प्रत्येक तुकड्यात ५-५ पोरं सोड, गोलच्या जागी दोन-दोन दप्तरं ठेव. सगळ्यांच्या पायाला बॉल लागेल. गुणी पोराच्या पायाला तर कितीतरी जास्त वेळा लागेल, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाचं एक मिनिटही कापावं लागणार नाही. बॉल कमी असले तरी चालतं, चार तुकड्यांना चारच लागतात.

१५ सप्टेंबर २०१७ ला आपल्या राज्यात ‘मिशन वन मिलियन’ झालं होतं. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात होता, नवी मुंबईतही सामने होते, म्हणून एकाच दिवशी राज्यभरातल्या १० लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा असं ठरलं. शाळांना फुटबॉल वाटले गेले. जिथं गुरुजींनी ते दुसऱ्या दिवशीही बाहेर काढले तिथं खेळ रुजला; जिथं कपाटाला कुलूप लागलं तिथं त्या एका दिवसाचा फोटो राहिला. कपाटाची किल्ली तुझ्याकडे घे. गुणी पोट्टं कोणतं हे कळायला आधी सगळ्या पोट्ट्यांना बॉल मिळावा लागतो, आणि हे काम मॅचच्या दिवशी होत नाही.

आपल्याच विदर्भातलं उदाहरण घे. नागपूरच्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी काम सुरू केलं. पुढं त्याचंच ‘स्लम सॉकर’ झालं, त्यावर नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा सिनेमा केला. लोकांना त्यातली जिद्द आठवते. मला सरांची पद्धत जास्त मोलाची वाटते. त्यांनी आधी निवड केली नाही, आधी खेळायला दिलं. चांगला कोण, हे खेळून झाल्यावर दिसलं.

आता गुणी कोण हे ओळखताना कुठं फसगत होते ते सांगतो. १३ वर्षांच्या पोरांत एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो. मोठं झालेलं पोरगं धक्का देऊन बॉल नेतं, लांबून गोल मारतं, आणि सगळं गाव म्हणतं, ‘काय खेळतो!’ शालेय स्पर्धांत वय १ जानेवारीला धरून मोजतात. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेला आणि नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात उभे राहतात, दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर असूनही. जगभरच्या क्लबांच्या बालसंघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त दिसतात, हे अनेक देशांत तपासून झालेलं आहे. (आपल्याकडे पूर्वी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहायचे, तेव्हा तर काही धरबंधच नव्हता.) म्हणून वहीत प्रत्येकाची खरी जन्मतारीख लिही. किरकोळ अंगाचा पोरगा बॉल येण्याआधी मान वळवून मागं बघतो का, दोन्ही पायांनी पास देतो का, बॉल गेल्यावर परत धावतो का, ते बघ. ह्या तीन गोष्टी उंचीनं येत नाहीत. असा पोरगा आज धक्क्याला पडत असला तरी त्याला वेळ दे, १६ व्या वर्षी तो तुला दिसेल. मोठ्या अंगाच्या पोराला मात्र अधूनमधून वरच्या वयाच्या पोरांत पाठव. तिथं त्याचा धक्का चालत नाही आणि त्याला पाय वापरावे लागतात.

मुलींचंही ह्याच ओळीत सांगून टाकतो. १२ वर्षांपर्यंत त्यांना मुलांबरोबर खेळव. गावात मुलींची वेगळी टीम होईपर्यंत थांबलास तर ती गुणी मुलगी तोवर खेळ सोडून देते.

१४ च्या पुढं हिशेब बदलतो. इथं समान वाटणी सोड. जो चांगला, जो मेहनत करतो, त्याला जास्त वेळ. फक्त सोपी मिनिटं वाटू नको. समोर कमकुवत टीम आहे, मध्यंतराला ५-० झालं, तर तुझ्या सर्वांत चांगल्या पोराला बाहेर बोलाव. तो चिडेल. त्याला सांग, ‘सहावा गोल मारून तू काय शिकणार? ती मिनिटं ह्याला दे, हा पहिल्यांदा उतरतोय.’ आणि मेहकरची किंवा चिखलीची तगडी टीम समोर असेल, एका गोलनं मागं असाल, तेव्हा त्याला काढू नको, त्याचं चुकत असलं तरी.

चूक झाल्यावर काय करायचं, ते जरा नीट ऐक, कारण शिकवणारे सर्वांत जास्त इथंच घाईला येतात. पोरानं दोघांना चकवायला घेतलं, बॉल गमावला, समोरच्यांनी गोल केला. बाहेरून आरडाओरड सुरू होते, ‘काढा त्याला!’ तू हात वर करून बदली मागितलीस की पोराच्या डोक्यात एकच गोष्ट बसते: पुढच्या वेळी चकवायचंच नाही, बॉल मिळाला की मागं ढकलायचा. एका बदलीनं तू त्याचा गुण काढून घेतलास. चूक झाल्यावर निदान १० मिनिटं त्याला आत ठेव. पुढचा बॉल तो कसा मागतो ते बघ. मागत असेल तर राहू दे. लपायला लागला, बॉलपासून लांब पळायला लागला, तर मग शांतपणे बोलाव, पाणी दे, शेजारी बसव. बाहेर येणाऱ्याशी आधी बोलायचं, मग मॅच बघायची.

आपल्या देशाच्या फुटबॉलमध्ये हीच गोष्ट मोठ्या मापानं घडली आहे. २०१७ च्या त्या विश्वचषकात आपण तिन्ही सामने हरलो. पण त्या टीमच्या पोरांना तसंच सोडलं नाही. फेडरेशननं त्यांची ‘इंडियन ॲरोज’ म्हणून टीम केली आणि त्याच हिवाळ्यात आय-लीगमध्ये मोठ्या माणसांच्या क्लबांसमोर उतरवली, एकही परदेशी खेळाडू न घेता. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला ३-० नं हरवलं, त्यातले दोन गोल कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे. अनिकेत रिक्षा चालवणाऱ्या बापाचा पोरगा, क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला. पुढं तो जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगालकडून खेळला. ॲरोज त्या मोसमात १० टीमांत शेवटी राहिली. ज्यांना फक्त तक्ता वाचता येतो ते हसले. पण जीक्सन सिंग, सुरेश वांगजाम, अपुइया, अन्वर अली, रहीम अली ही पोरं त्याच टीममधून गेली आणि मोठ्या भारतीय संघात खेळली. हरण्याची किंमत देऊन त्यांना मिनिटं मिळाली होती, आणि मी म्हणतो ती फार स्वस्तात मिळाली. २०२२ मध्ये ती टीम बंद केली, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याच वर्षी २१ वर्षांखालच्यांसाठी डेव्हलपमेंट लीग सुरू झाली, ती चांगलीच आहे. पण बरोबरीच्या पोरांशी खेळणं वेगळं आणि ३० वर्षांच्या बॅकच्या खांद्याशी खांदा लावून बॉल काढणं वेगळं.

दुसरी बाजू बघ. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका टीमचे ६ परदेशी चालत. २०१७-१८ पासून ५, २०२१-२२ पासून ४. गोल मारायची जागा क्लबांनी बहुतेक परदेशी माणसाला दिली, कारण गोल आजच हवे असतात. मग १९-२० वर्षांचा भारतीय फॉरवर्ड एक तर बाजूला खेळला, नाही तर शेवटच्या ५ मिनिटांना उतरला. म्हणूनच भारताचा फॉरवर्ड सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून देशाच्या संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं. आल्याआल्या त्यानं मालदीवविरुद्ध गोलही केला. छेत्रीचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. पण त्याच्या जागेवर दहा वर्षं कोणाला उभंच केलं नाही, हा हिशेब कोणी तरी द्यायला हवा. मेक्सिकोत तरुण पोरांना मोसमात ठरावीक मिनिटं दिलीच पाहिजेत असा लीगचा नियम केला होता. तसा नियम आपल्याकडे यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं तुला का सांगतो? गावच्या टूर्नामेंटलाही हेच होतं. बक्षीस मोठं लागलं की टीमवाले अकोल्याचे, वाशिमचे तयार खेळाडू आणतात आणि गावचा पोरगा जर्सी घालून बाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळतो. तुझ्याकडे असा कोणी आला, ‘दोन पोरं आणतो, कप आपलाच’ म्हणाला, तर हात जोड. फार तर एक मोठा खेळाडू घे, आणि तोही बॅकला, म्हणजे तो मागून बोलून पोरांना उभं राहायला शिकवेल. गोल मारायची जागा गावच्या पोराची.

आता जपायचं काय, ते. गुणी पोरगा सगळ्यांनाच हवा असतो, आणि त्याचा बळी तिथंच जातो. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ च्या मोसमात १८ वर्षांचा होता. क्लब, देश, युरो आणि टोकियो ऑलिंपिक धरून तो ७० हून अधिक सामने खेळला. पुढच्याच मोसमात मांडीच्या दुखापतींनी त्याला महिनोन्‌महिने घरी बसवलं. त्याच क्लबचा अन्सू फाती १६ व्या वर्षी पहिल्या टीममध्ये आला, १८ व्या वर्षी गुडघ्याची गादी फाटली, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या आणि तो पूर्वीसारखा परत आला नाही. त्यांच्याच लमिन यमालला मात्र एप्रिल २०२३ मध्ये, १५ व्या वर्षी, पहिल्यांदा उतरवलं ते मॅच जिंकल्यात जमा असताना, शेवटच्या काही मिनिटांसाठी. पुढच्या मोसमात वेळ वाढवत नेला. १७ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो युरोची फायनल जिंकला. त्यांच्याकडे डॉक्टर आहेत, मशीन आहेत, तरी चुका झाल्या. आपल्याकडे तू आणि तुझी वही.

आपल्या पोराचा आठवडा कसा असतो ते मांडून बघ. सकाळी शाळेचा फुटबॉल. रात्री गावात कबड्डीचे सामने, तिथंही हाच चढाईला. रविवारी क्रिकेटमध्ये बॉलिंगही हाच टाकतो. मोठ्या भावाबरोबर पोलीस भरतीची १६०० मीटर धाव. सोयाबीन सोंगायला आलं की वावरात दिवसभर. तू म्हणशील, मी तर त्याला तासभरच खेळवतो. तुझा तास शेवटचा असतो. म्हणून दर सोमवारी त्याला विचार, ‘मागच्या आठवड्यात काय काय केलंस?’ आणि लिहून ठेव. सोपं माप असं की, पोराचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्यात ठरवून खेळायचं नाही. आठवड्यात एक पूर्ण दिवस काही नाही, कबड्डीही नाही. घरचं काम मात्र बंद करायला सांगू नको. कास्तकाराच्या घरात ते होणारही नाही आणि सांगणं शोभतही नाही. त्या दिवसांत तू सराव कमी कर.

११ ते १५ च्या दरम्यान पोरं झपाट्यानं उंच होतात. तेव्हा गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखतं, किंवा टाच दुखते. पोरगं सांगत नाही, कारण सांगितलं तर खेळायला मिळणार नाही अशी भीती. म्हणून दर महिन्याला भिंतीला टेकवून उंची माप. एकदम वाढलेली दिसली की उड्या आणि जोरात किक मारणं काही आठवडे कमी कर. दुखत असेल तर मेहकरला डॉक्टरकडे ने, हळद लावून खेळवू नको. सराव आणि मॅचच्या आधी २० मिनिटं फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप घे. हळू धावणं, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणं, असं त्यात असतं. सामान काही लागत नाही. नियमानं करणाऱ्या टीमांत दुखापती चांगल्याच कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. मार्च संपला की सकाळी आठनंतर मैदानावर कोणी नको. आपलं ऊन तुला माहीत आहे.

मॅचच्या दिवशीची एक छोटी गोष्ट. स्पर्धेचं परिपत्रक आधी वाच. किती बदल चालतात, बाहेर गेलेला पोरगा परत आत येऊ शकतो का, हे स्पर्धेगणिक वेगळं असतं. मोठ्यांच्या खेळात ३ चे ५ बदल २०२० मध्ये करोनामुळं आले आणि २०२२ पासून कायम झाले. परत येण्याची मुभा असेल तर तुझं अर्धं काम सोपं झालं. कोण कधी उतरणार हे घरूनच लिहून ने. मैदानावर, दोन गोलांनी मागं असताना, माणूस न्याय करत नाही.

पोराच्या बापाला हंगाम सुरू होण्याआधी भेट. मैदानाच्या कडेला, मॅच सुरू असताना, ह्या विषयावर कोणाशी बोलू नको; सरपंच आले तरी ‘उद्या घरी येतो’ म्हण. ज्याचा पोरगा कमी खेळतो त्याला वही दाखव: सरावाचे दिवस, मिनिटं, कोणत्या जागेवर. ज्याचा पोरगा जास्त खेळतो त्यालाही वही दाखव, आणि त्याला दोनदा दाखव, कारण त्याच्या डोक्यात आतापासून इंडियाची जर्सी असते. त्याला सांग की दहावीचा अभ्यास सोडायचा नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा आणि शिक्षणाची अट पुरी करावीच लागते.

आणि तुझ्या त्या पोराला क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीचं बोलावणं आलं, किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या अकादमीनं विचारलं, तर स्पर्धा तोंडावर आहे म्हणून त्याला एक दिवसही थांबवू नको. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाईड, स्पर्धांची प्रमाणपत्रं, पासपोर्ट फोटो, सगळं एका पिशवीत आधीच तयार ठेव. अकादमीनं आधी पैसे मागितले तर मला फोन कर, आपण दोघं चौकशी करू. जाताना त्याच्याबरोबर वहीच्या त्याच्या पानांची झेरॉक्स दे, म्हणजे तिथल्या कोचला कळेल पोरगा कुठं कुठं खेळलाय, उंची कधी वाढली, कोणता गुडघा दुखायचा. त्याची जागा रिकामी होईल. तिथं पुढच्या मॅचला त्या किरकोळ अंगाच्या पोराला उभा कर.